नटमेग आणि अदलाबदलीचा तास

आमच्या काउंटीच्या जत्रेत गुरांच्या गोठ्याची मुखत्यार मी आहे. छातीवर हिरवी फीत लावून फिरते, कुणाचं शेण कुणी उचलायचं ते ठरवते आणि पोरं भांडली की दोघांनाही पाणी भरायला लावते. मुखत्यारानं कुणाची बाजू घ्यायची नसते असा नियम आहे. तो मी बरीच वर्षं पाळला, पण त्यात माझं काही मोठेपण नव्हतं. रिंगणात माझं असं कुणी नव्हतंच. मग माझ्या भावाची पोर मार्नी नऊ वर्षांची झाली, एक वासरू धरून रिंगणात उतरली, आणि तेव्हापासून दर जुलैत जत्रेचे दोन दिवस मी तोंडाला कुलूप लावून काढते. मला ओळखणाऱ्यांना विचारा, याहून मोठी शिक्षा मला नाही.

जत्रेत हाताळणीची एक वेगळी स्पर्धा असते. तिच्यात जनावराचं रूप बघत नाहीत, पोराचं वागणं बघतात. पांढरी विजार, पांढरा शर्ट, हातात कासरा, आणि जनावराच्या तोंडाकडे तोंड करून उलट्या पावलांनी हळूहळू चालायचं. परीक्षकाला मागचे दोन्ही पाय नीट दिसतील असं जनावर उभं करायचं, त्याची पाठ वाकू द्यायची नाही, आणि स्वतःच्या कपाळावर माशी बसली तरी हात हलवायचा नाही. मोठ्या गटात जो जिंकतो त्याला कप नाही, पैसे नाहीत. गावातला जुना खोगीरवाला एक म्होरकी शिवून देतो. काळं कमावलेलं चामडं, आणि गालावर पितळी पट्टी, त्यावर पुढे नाव कोरायचं.

मार्नीनं ती म्होरकी पहिल्याच वर्षी कुणाच्या तरी हातात पाहिली आणि घरी येऊन गोठ्याच्या दारापाशी खिळा ठोकला. म्हणाली, "माझी म्होरकी इथे लागणार." खिळा वाकडा गेला, माझ्या भावानं, वेंडेलनं, तो सरळ केला. त्यानंतर त्या खिळ्याला माशा मारायची काठी लागली, दोन वर्षं बियाणेवाल्याचं कॅलेंडर लागलं आणि मग वेंडेलची घामट टोपी कायमची लागली. म्होरकी काही लागली नाही. यंदा मार्नी अठराची झाली. अठरानंतर जत्रेत जनावरं उतरवणाऱ्या पोरांच्या क्लबमधून नाव निघतं, रिंगण बंद. म्हणजे हे शेवटचं वर्ष, आणि हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण दूध काढायला गेलं की प्रत्येकाची नजर त्या टोपीवर जायची.

गेली दोन वर्षं म्होरकी नेली ती डेलनी हाउझरनं. वय सोळा. हाउझरांचा गोठा आमच्याच रस्त्यावर पुढे आहे, आणि गोठा कसला, तिथे गाईंना पंखे आहेत आणि पाठ खाजवायला फिरते ब्रश आहेत. त्यांची जनावरं तयार करायला पगारी माणूस येतो. केस कातरणं, खरारा, चालवणं, सगळं तो करतो. जत्रेच्या दिवशी डेलनी पांढऱ्या कपड्यांत येते आणि तिच्या हातात आयता कासरा दिला जातो. पोरगी वाईट नव्हती. कुणाशी बोलायची नाही एवढंच. मी मात्र तिला मनातल्या मनात बरीच नावं ठेवलेली होती. मनातल्याला मुखत्यारीचा नियम लागू नाही.

मार्नीची कालवड म्हणजे नटमेग. जर्सी, अगदी जायफळाच्या रंगाची, आणि डोळे असे की चुकी तिनं करावी आणि माफी आपण मागावी. एप्रिलपासून मार्नी तिला रोज सकाळी दूध काढून झालं की अंगणात चालवायची. आणि इथेच आमची चूक झाली.

आमच्याकडे गोठ्यात रेडिओ लावून ठेवतात. जत्रेतले कर्णे, पाळणे, माणसांचा गलका यांना जनावरानं बुजू नये, म्हणून त्याला लहानपणापासून माणसाच्या आवाजाची सवय करायची. सगळेच करतात, आम्हीही केलं. फक्त आमच्या रेडिओचं बटण कधीच हरवलेलं आहे, त्यामुळे तो एकाच जागी अडकलाय. सकाळी दूध काढून होईपर्यंत नऊ वाजतात, आणि नऊला आमच्या गावच्या रेडिओवर अदलाबदलीचा तास लागतो.

तो कार्यक्रम चालवतो लायल. म्हातारा आहे, आवाज घोगरा आणि चालीवर. लोक फोन करून काय विकायचं, काय बदलायचं ते सांगतात आणि लायल ते पुन्हा आपल्या चालीत म्हणतो. "विकणे आहे, कपडे वाळवायचं यंत्र, चालतं, पण ओरडतं. बदलून हवी आहे, बदकांची जोडी, बदल्यात एक टर्की, स्वभावानं तापट. फुकट आहेत, मांजरीची पिल्लं." काही घ्यायचं नसलं तरी सगळी काउंटी ऐकते. कोण घर रिकामं करतंय, कुणाचं लग्न मोडलंय, कुणी बारीक व्हायचा नाद सोडून व्यायामाची सायकल विकायला काढलीय, सगळं कळतं.

तर एप्रिलपासून जुलैपर्यंत, रोज, लायल बोलायला लागला की मार्नी नटमेगला चालवायची आणि तास संपून शांत झालं की उभी करायची. आम्हाला वाटत होतं नटमेग मार्नीच्या कासऱ्याला शिकतेय.

जत्रेच्या पहिल्या सकाळी आम्ही तिला गाडीतून उतरवली, धुतली, पेंढा पसरून बांधली. मग मार्नी सरावाला घेऊन निघाली आणि नटमेगनं चारी पाय जमिनीत रोवले. ओढलं, ढकललं. मळी चाटवली. ओटची बादली नाकासमोर धरली, तर बादलीतलं खाल्लं आणि परत तशीच उभी.

"खुरात काही गेलंय," वेंडेल म्हणाला. तो अर्धा तास खुरं तपासत बसला. खुरात काही नव्हतं.

"हट्टी आहे," मी म्हटलं. "मालकिणीवर गेलीय."

"आत्या, आत्ता नको हं," मार्नी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "उद्या स्पर्धा आहे. घरी कशी चालायची ती! काल सकाळपर्यंत चालत होती!"

वेंडेलला काही सुचलं नाही की तो गाडी हलवतो. तसा तो उठला, गोठ्याच्या दाराशी लावलेली आमची पिकअप बाजूला घ्यायला गेला आणि त्यानं किल्ली फिरवली. गाडीतला रेडिओ सुरू झाला. नऊ वाजून गेले होते.

"विकणे आहे," लायलचा घोगरा आवाज आला, "लहान मुलाचा पलंग, गादीसकट..."

नटमेग चालायला लागली. मार्नीच्या हातात तेव्हा कासराही नव्हता. कालवड मान वर करून, पाठ सरळ ठेवून, डुकरांच्या रांगेवरून, तळलेल्या चीजच्या गाड्यावरून अशी निघाली की बघणाऱ्यांना वाटावं परीक्षक पुढेच उभे आहेत. वेंडेलनं घाबरून गाडी बंद केली. नटमेग क्रीम पफच्या रांगेत, एका पाद्रीबाईंच्या मागे, गप्प उभी राहिली.

मी इतकी हसायला लागले की मला खाली पेंढ्यावर बसावं लागलं. मार्नी हसली नाही. ती धावत गेली, कासरा धरला, आणि लायलच्या चालीत हळूच म्हणाली, "विकणे आहे, एक शिलाई यंत्र, पायाचं." नटमेग निघाली. मार्नी गप्प झाली. नटमेग थांबली.

"बाबा," मार्नी म्हणाली, "आपण काय करून ठेवलंय हे!"

"काय बिघडलं?" वेंडेल म्हणाला. "गिअर सापडला ना? आता चालव."

दुसऱ्या दिवशी दुपारी स्पर्धा. परीक्षक बाई दुसऱ्या काउंटीतून आलेल्या, उंच, चेहऱ्यावरची रेघ हलू न देणाऱ्या. मी फाटकापाशी उभी होते, कारण मुखत्यारानं तिथेच उभं राहायचं असतं. मोठा गट आत आला. मार्नी उलट्या पावलांनी चालत होती आणि तिचे ओठ बारीक हलत होते. माझ्याजवळून जाताना ऐकू आलं, "विकणे आहे, मासेमारीची होडी, एक भोक आहे, बुजवता येईल..." नटमेग तिच्याकडे बघत, एकेक पाऊल मोजून टाकत होती. इतकी देखणी चाल मी त्या रिंगणात फार कमी पाहिलीय, आणि हे मी आत्या म्हणून नाही, मुखत्यार म्हणून सांगते.

एकदा परीक्षक बाई थांबल्या. "तू काही म्हणालीस?"

"कालवडीशी बोलत होते, बाई."

"काय बोलत होतीस?"

"घरगुती," मार्नी म्हणाली.

बाईंनी मान हलवली. एकेक पोर बाजूला होत गेलं आणि शेवटी दोघी उरल्या, मार्नी आणि डेलनी. बाकावरची माणसं पुढे सरकून बसली. वेंडेल टोपी काढून चुरगाळत होता. पुढे काय होणार ते मला माहीत होतं.

शेवटच्या दोघांना आमच्याकडे जनावरं बदलायला लावतात. आपलं शिकवलेलं जनावर कुणीही चालवेल. परकं जनावर हातात आल्यावर तुम्ही काय करता, यावर निकाल. आणि रीत अशी आहे की कासरा देताना आपल्या जनावराबद्दल एक गोष्ट समोरच्याला सांगायची. डाव्या कानाला हात लावला की बुजते, असं काहीतरी. सांगायलाच पाहिजे असा नियम नाही. रीत आहे.

परीक्षक बाई म्हणाल्या, "बदला." दोघी नेमक्या फाटकापाशी, माझ्यासमोर एकमेकींजवळ आल्या.

मी मनात म्हटलं, मार्नी, बये, गप्प बस. एक अक्षर बोलू नकोस. नऊ वर्षं झाली. खिळ्याला टोपी लागलीय. तिला म्हण, काही विशेष नाही, गुणी आहे. तेवढं म्हण आणि दे कासरा.

डेलनी म्हणाली, "हिचं काही नाही. कुणाबरोबरही चालते."

मार्नीनं माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याकडे पाहिलं.

"हिच्याशी बोलत राहा," मार्नी डेलनीला म्हणाली. "विकायच्या वस्तूंची नावं घे. लायलसारखी. गप्प झालीस की ही थांबते."

डेलनीचे कान लाल झाले. "मला काय खुळी समजतेस? एवढ्या लोकांसमोर मी वस्तू विकत फिरू?"

"देवाशपथ सांगते!"

"ठेव तुझा सल्ला तुझ्याकडेच," असं म्हणून डेलनीनं कासरा घेतला.

मार्नी हाउझरांची गाय घेऊन निघाली. ती गाय काचेवरून घसरल्यासारखी चालली. आणि नटमेगनं पाय रोवले. डेलनीनं कासरा हलवला. मग ओढला. कासऱ्याची हनुवटीखालची साखळी आवळली तशी नटमेगनं मान वर केली, डोळ्यांतलं पांढरं दिसायला लागलं. बाकावर कुणीतरी खुसखुसलं. डेलनीनं पुन्हा हिसका दिला. पोरीचा चेहरा रडवेला झाला होता, पण तोंड घट्ट मिटलेलं.

खरं सांगते, मला आनंद झाला होता. मी मनात म्होरकी खिळ्याला लावूनही टाकली होती, आणि वेंडेलच्या टोपीला नवी जागा शोधत होते.

तेवढ्यात रिंगणाच्या त्या टोकाहून आवाज आला, "विकणे आहे!"

मार्नी थांबली होती. हाउझरांच्या गाईकडे पाठ, परीक्षकांकडे पाठ, आणि सगळा जीव एकवटून ओरडत होती. "विकणे आहे, वॉशिंग मशीन! विकणे आहे, गवत कापायचं यंत्र, पातं नवं! बदलायचा आहे, अकॉर्डियन, बदल्यात काहीही, शेजारी कंटाळलेत!"

नटमेगचे कान फिरले. तिनं एक पाऊल टाकलं. मग दुसरं. डेलनी गडबडीनं उलटी चालायला लागली. बाकांवरून एक म्हातारा उठून म्हणाला, "वॉशिंग मशीनला काय घेणार?" आणि सगळा मांडव हसला. कुणी ओरडलं, "फुकट आहेत, मांजरीची पिल्लं!" दुसरीकडून आलं, "टर्की तापट!" नटमेग त्या गलक्यात मान ताठ करून, जणू हे सगळं तिच्याचसाठी चाललंय अशी फेरी पुरी करून आली. मार्नीच्या हातातल्या गाईनं तोवर कंटाळून चारी पाय चार दिशांना टाकले होते आणि भुशात तोंड खुपसलं होतं.

परीक्षक बाईंनी माइक घेतला. निकालाबरोबर कारणं सांगायची असतात.

"हाताळणीत एकच गोष्ट मी बघते," त्या म्हणाल्या. "हातात जे जनावर आहे, लक्ष त्याच्यावर हवं. दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीचं लक्ष शेवटी दुसऱ्याच जनावरावर होतं. रिंगणात ओरडायचं नसतं, हेही तिला माहीत आहे." त्या जरा थांबल्या. "नियम माझ्या हातात असते तर गोष्ट वेगळी. म्होरकी डेलनी हाउझरची."

मी त्या बाईंना काय काय म्हणाले ते सगळं मनात म्हणाले, म्हणून इथे लिहीत नाही.

मार्नी फाटकातून बाहेर आली. तिनं आधी डेलनीकडून नटमेग घेतली आणि तिच्या हनुवटीखाली, जिथे साखळी रुतली होती, तिथे बोटांनी चोळायला लागली. ओरडून ओरडून तिचा घसा पार बसला होता.

"कशाला?" मी म्हटलं. आता फीत काढून खिशात टाकली होती. "कशाला ओरडलीस गं? तू सांगितलं होतंस ना तिला? तिनं ऐकलं नाही, तिचं तिनं भोगलं असतं! त्या पोरीसाठी तू..."

"डेलनीसाठी नाही, आत्या," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "नटमेग घाबरली होती."

 मी तिला एक क्रीम पफ आणून दिला. तिनं अर्धा खाल्ला, अर्धा नटमेगला दिला, आणि मग मात्र कालवडीच्या मानेत तोंड घालून खूप रडली. वेंडेल येऊन शेजारी उभा राहिला. त्याला काही सुचलं नाही, तेव्हा तो गाडी हलवायला गेला.

त्याच संध्याकाळी जत्रा उठली, सगळे आपापली जनावरं घेऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध काढून झालं. मार्नीनं नटमेगला अंगणात आणलं. आता चालवायची गरज नव्हती, पण नऊ वाजले, लायल बोलायला लागला आणि नटमेग दाव्याशी चुळबुळ करायला लागली, म्हणून आणली. मी दारात बादल्या धूत होते. लायलनं एक ट्रॅक्टरचं टायर विकलं, दोन खुर्च्या विकल्या. मग म्हणाला, "बोला, पुढचा फोन. काय विकायचंय?"

"विकायचं नाही," एका मुलीचा आवाज आला. "बदलायचंय."

मी नळ बंद केला.

"काय वस्तू आहे, बाळ?"

"चामडी म्होरकी. नवी आहे. पितळी पट्टीवर अजून नाव कोरलेलं नाही."

"आणि बदल्यात काय हवं?"

रेडिओ गप्प झाला. नटमेग अंगणाच्या मधोमध थांबली. मार्नीही थांबली. वेंडेल वैरणीच्या माळ्यावरून खाली डोकावला.

"माझी गाय कुणाबरोबरही चालते," डेलनी म्हणाली. "मला वाटायचं माझ्याबरोबर चालते. पण काल मी मार्नीची कालवड बघितली. ती मान वळवून तिला शोधत होती. माझी गाय मला शोधत नाही. बदल्यात... मार्नी टोलेफ्सननं मला शिकवायचं."

चाळीस वर्षं पोटासाठी बोलणारा लायल या वेळी आपली चाल विसरला. मग म्हणाला, "तुझा फोन नंबर सांग, बाळ."

"तिला माझं घर माहीत आहे."

मार्नी माझ्याकडे वळली. घसा बसलेला, आवाज फुटेना. तिनं हातानंच दाखवलं, मी जाते. आणि नटमेगचा कासरा सोडलाच नाही.

"अगं, तिला कुठे नेतेस?" मी म्हटलं.

"शिकवायचं म्हटल्यावर फळा नको का न्यायला?" ती कुजबुजली.

आम्ही रस्त्यानं निघालो. पुढे मार्नी आणि नटमेग, मागे वेंडेल पिकअपमध्ये, काचा खाली करून, रेडिओ मोठा लावून, आणि बाजूनं मी, दूध काढायच्या बुटांत. लायलच्या तालावर कालवड मक्याच्या शेतांमधून मजेत चालली होती. आणि बरोबर चर्चच्या वळणावर लायल म्हणाला, "आजच्यापुरतं एवढंच," आणि हवामानाच्या बातम्यांआधीची शांतता सुरू झाली.

नटमेगनं रस्त्याच्या मधोमध चारी पाय रोवले. मागून दुधाचा टँकर आला आणि थांबला. मार्नीनं तोंड उघडलं, नुसती हवा बाहेर आली. तिनं वेंडेलकडे पाहिलं. वेंडेलनं लग्नाच्या वेळची शपथसुद्धा पाद्र्यांना दोनदा विचारायला लावून म्हटली होती. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी नाही," मी म्हटलं. "मी मुखत्यार आहे."

टँकरवाल्यानं भोंगा वाजवला.

"विकणे आहे," मी म्हटलं. नटमेगचा एक कान वळला. "मोठ्यानं, आत्या," मार्नी कुजबुजली. मग माझंही डोकं सटकलं. "विकणे आहे! एक भाऊ, वापरलेला! पाठ धरलेली आहे, घोरतो, पण सरळ माणूस! बदलायची आहे, एक भाची, हट्टी, बदल्यात काहीही घेणार नाही, कारण देणारच नाही!" मी असं म्हणते तोवर नटमेग चालायला लागली. टँकरवाला खिडकीतून म्हणाला, "भावाला किती?" मी त्याला पुढे जायला सांगितलं.

समोरून डेलनी येत होती. तीही पायीच निघाली होती, म्होरकी हातात धरून. आम्ही जवळ आलो तशी ती थांबली. मार्नीला बोलताच येत नव्हतं. मार्नीनं फक्त कासरा पुढे केला.

डेलनीनं तो घेतला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी यावेळी आढ्याकडे पाहिलं नाही. तिथे आढं नव्हतं. "म्हण," मी म्हटलं. "लाजू नकोस. मी आत्ताच माझा भाऊ विकलाय."

"विकणे आहे," डेलनी हळू म्हणाली. नटमेगनं तिच्याकडे पाहिलं. "विकणे आहेत... पांढऱ्या विजारी. दोन. फारशा वापरल्या नाहीत." नटमेगनं पाऊल टाकलं. डेलनी हसली. इतक्या वर्षांत त्या पोरीचे दात मी पहिल्यांदा पाहिले.

मार्नीनं तिथेच, रस्त्यात, नटमेगच्या तोंडावरून जुनी दोरीची म्होरकी काढली आणि काळी चामड्याची चढवली. बरोबर बसली.

पट्टीवर पुढे नाव कोरून घेतलं. कुणाचं, यावर दोघींनी खूप घोळ घातला आणि शेवटी "नटमेग" एवढंच कोरलं. खिळ्याला अजून वेंडेलची टोपीच असते. म्होरकीला तिथे लटकायला वेळ नाही; रोज सकाळी नऊला ती कामावर असते.